तळटीप क्रमांक एकोणतीस

१२ जानेवारी २०२६, सोमवार

पुष्करने आज नवी फाइल दिली. युरोपातल्या स्थलांतर-कायद्याचं त्रैमासिक, लेख तिसरा, बत्तीस पानं, एकशे चार तळटिपा. तिकडचे प्राध्यापक लिहितात आणि खराडीच्या चौथ्या मजल्यावर बसून आम्ही त्यांचे स्वल्पविराम, संदर्भ आणि आकडे नीट करतो. अकरा वर्षं हेच करतेय, त्यामुळे लेखकाचं नाव मी शेवटी बघते. आज शेवटी बघितलं आणि चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले.

डॉ. अनिरुद्ध सोवनी, पुणे.

पुष्कर आमचा टीम लीड. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे आणि मला ताई म्हणतो. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "ताई, लेखक ओळखीचे नाहीत ना? फॉर्मवर टिक करायचीय."

"पुण्यात सगळेच ओळखीचे असतात," म्हटलं आणि 'नाही'वर टिक केली.

कामावर पहिल्यांदा खोटं बोलले. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१३ जानेवारी, मंगळवार

लेखाचा तिसरा भाग माझा आहे.

'माझ्यासारखा' नाही, माझा. २०१४ साली एलएलएमला सोवनी सरांच्या हाताखाली जो प्रबंध लिहिला, त्यातलं चौथं प्रकरण. वाक्यांची उलटापालट केलीय, विशेषणं महाग लावलीत, पण हाडं तीच.

विषय असा. युरोपात आश्रय मागायला आलेल्या माणसाला तिथलं सरकार सांगू शकतं, 'तू वाटेत अमुक देशातून आलास, तो सुरक्षित आहे, तिथे जाऊन माग.' पण त्या देशाशी माणसाचा काहीतरी संबंध हवा. आता संबंध म्हणजे काय? नुसता तिथून गेला एवढ्याने जुळतो का? माझं म्हणणं होतं, नाही. वाट तुडवली म्हणून गाव आपलं होत नाही. संबंध जुळला की नाही हे ठरवायला मी तीन प्रश्न मांडले होते.

ते प्रश्न माझेही नव्हते. आजोबांचे होते, सोनबांचे. ते सोलापूर रस्त्यावर खडी फोडायला गावोगाव फिरले. नव्या गावाच्या शिवेवर थांबून आधी विचारायचे: प्यायचं पाणी कुठलं? रात्री कुणी उठवणार नाही ना? आणि मारलं तर सांगायचं कुणाला? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच पथारी टाकायचे. मी त्यांना कायद्याच्या इंग्रजीचे कपडे घातले. प्रबंधात आजोबांचं नाव लिहिलं होतं. सोवनींच्या लेखात तिन्ही प्रश्न आहेत, सोनबा नाहीत आणि मी पण नाही.

तेव्हा सर म्हणाले होते, "रणपिसे, युरोप कशाला? तुमच्याकडे घरचा विषय आहे की. आरक्षणावर करा, लवकर होईल." वर्गातले हसले होते. नंतर नेदरलँड्सच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र मागितलं तेव्हा दोन ओळींचं दिलं. 'ही विद्यार्थिनी तासांना नियमित उपस्थित असे.' शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला मिळाली. मी खराडीला आले.

अकरा वर्षं हा माणूस जेवताना, दात घासताना माझ्याबरोबर आहे. आता तो स्वतःहून चालत माझ्या टेबलावर आलाय.

१४ जानेवारी, बुधवार

आईने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "गोड बोल."

मी सोवनींचं सांगायला लागले. तिने पूर्ण ऐकलं. आई ससूनला तीस वर्षं नर्स होती. कुणाचंही दुखणं ती पूर्ण ऐकते आणि मग एकच वाक्य बोलते.

"त्याचं नाव घेतल्याशिवाय तुझा दिवस जात नाही. लग्न झालेल्या बायका नवऱ्याचंही इतकं घेत नाहीत."

१६ जानेवारी, शुक्रवार

सापडलं. तळटीप क्रमांक २९.

तिसऱ्या भागाचा सगळा डोलारा एका निकालावर उभा आहे आणि तळटिपेत त्या निकालाचा परिच्छेद ४७ दिलाय. खरा आकडा ७४. सत्तेचाळीसमध्ये कोर्टाने सरकारचं म्हणणं नोंदवलंय आणि चौऱ्याहत्तरमध्ये ते खोडून काढलंय. म्हणजे लेख ज्याला कोर्टाचं मत म्हणतो ते प्रत्यक्षात हरलेल्या बाजूचं मत आहे.

ही चूक मी ओळखते, कारण ती माझी आहे. २०१४ साली टाइप करताना माझ्याच हातून आकडे उलटे झाले. बायंडिंग झाल्यावर लक्षात आलं, आठवडाभर झोप उडाली. कुणालाच कळलं नाही. गाईडने सही केली, पण पान उलटलं नव्हतं.

चोराने सामानाबरोबर घरातला विंचूही नेलाय.

आता माझं काम काय? दुरुस्ती सुचवणं. सुचवली की ७४ होईल, आणि हा लेख माझ्या प्रबंधातून उचललाय हे सांगणारी एकमेव खूण मी स्वतःच्या हाताने पुसलेली असेल. वाक्यं फिरवता येतात, कल्पना 'स्वतंत्रपणे सुचली' म्हणता येते. पण चुकीचा आकडा दोघांना स्वतंत्रपणे सुचत नाही.

राहू दे सत्तेचाळीस.

१९ जानेवारी, सोमवार

लेखकाला विचारायचे प्रश्न आज पाठवले. एकूण एकेचाळीस. साधारण बारा-पंधरा असतात. प्रत्येक प्रश्न नियमात बसणारा आणि अत्यंत नम्र. 'पान ६ वरील वाक्याचा अर्थ स्पष्ट झाल्यास वाचकांची सोय होईल.' 'पान ११: "सर्वज्ञात आहे" असे म्हटले आहे, कुणाला, ते कृपया नमूद करावे.' हे लिहिताना इतका आनंद झाला की डबा खायचा राहिला.

सतरावा प्रश्न: 'या तीन कसोट्यांचा स्रोत द्यावा.'

एकोणतिसाव्या तळटिपेबद्दल अक्षर नाही.

२० जानेवारी, मंगळवार

उत्तरं सोवनींनी लिहिलेली नाहीत. सुरुची काळभोर म्हणून कुणी संशोधन सहायक आहे, त्यांच्याकडेच पीएचडी करते. एका दिवसात एकेचाळीस उत्तरं, सगळी नेमकी. बाई हुशार आहे. चोराला कारकूनही हुशार मिळतात.

सतराव्याचं उत्तर: 'सरांच्या सांगण्यानुसार ही लेखकाची स्वतःची मांडणी आहे.'

बाकी चाळीस उत्तरांत 'सर' कुठेच नाहीत, इथेच आले. किती ती आज्ञाधारकता. हिलाही लक्षात ठेवलं पाहिजे.

२२ जानेवारी, गुरुवार

सुरुचीबाईंचा परत मेल. 'तळटीप २९ बद्दल आपला काहीच प्रश्न आला नाही. ती तपासली आहे ना? ॲथेन्समधील एक वकीलबाई हा लेख एका कुटुंबाच्या सुनावणीत जोडणार आहेत, म्हणून काळजी.'

किती हा आगाऊपणा. आम्हाला आमचं काम शिकवतेय. उत्तर दिलं: 'सर्व तळटिपा तपासल्या आहेत. धन्यवाद.'

कुटुंबाचं वाचून क्षणभर थांबले होते. मग म्हटलं, लेखावर कुणी केस जिंकत नाही आणि हरतही नाही. शिवाय ॲथेन्स इथून लांब आहे.

सव्वाचार वाजता फाइल पुढे पाठवली.

९ फेब्रुवारी, सोमवार

लेख वेबसाइटवर आला. सत्तेचाळीस जागच्या जागी.

गेल्या शनिवारी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन माझ्या प्रबंधाच्या शिक्का मारलेल्या प्रतीची सही-शिक्क्यानिशी नक्कल घेऊन ठेवली होती. आज संपादकांना आणि कॉलेजच्या प्राचार्यांना तक्रार पाठवली. शेजारी शेजारी दोन स्तंभ, डावीकडे मी, उजवीकडे ते. शेवटी तळटीप २९. मी या लेखाचं काम केलंय हे लिहिलं नाही. विचारलं तर बघू.

पाठवल्यावर वाघोलीच्या चौकात उतरून पावशेर जिलबी घेतली. आई म्हणाली, "काय मिळालं?" म्हटलं, "अजून काही नाही." तरी दोघींनी खाल्ली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सोवनींचा खुलासा आला. संपादकांनी मला प्रत पाठवली. चार परिच्छेदांचं सुंदर इंग्रजी. सारांश असा:

लेखाचा मसुदा त्यांच्या सहायकाने तयार केला. तिने जुन्या प्रबंधातून मजकूर उचलल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. विश्वास ठेवला ही त्यांची चूक. सहायकाला कामावरून कमी केलंय आणि पीएचडीची नोंदणी रद्द करण्याची शिफारस केलीय. एकोणतिसाव्या तळटिपेतला आकडा मात्र त्यांनी बरोबर दिला असणार, 'कारण माझ्या हातून अशी चूक होत नाही'. त्यांना असंही कळलंय की तक्रारदार बाईच या लेखाच्या कॉपीएडिटर होत्या. तेव्हा तो आकडा नेमका कुणी आणि केव्हा बदलला याचा तपास व्हावा.

शेवटचं तीनदा वाचलं. मीच चूक घुसवली म्हणे.

कॉलेजने चौकशी समिती नेमलीय, ११ मार्चला. पुष्कर निघताना म्हणाला, "ताई, वरून विचारणा आलीय."

सुरुचीला काढलं ते बरं झालं. आधी हत्यार मोडतं, मग हात.

१ मार्च, रविवार

सकाळी दहाला बेल वाजली. दारात पंचविशीतली मुलगी, पाठीवर लॅपटॉपची बॅग, ओढणीने तोंड बांधलेलं. लोणी काळभोरहून स्कूटरवर आली होती.

"कल्याणी रणपिसे मॅडम? मी सुरुची काळभोर."

दार लावून घ्यावंसं वाटलं. आई मागून म्हणाली, "उन्हातून आलीय, आत घे." पाणी दिलं. ती तांब्याभर प्यायली.

मी सरळ विचारलं, "सरांनी पाठवलं का?"

"सरांनी काढलं मला. घरी सांगितलेलं नाही अजून. वडील म्हणतात, 'साहेबांच्या हाताखाली हाय पोरगी'. त्यांना काय सांगू." तिने लॅपटॉप उघडला. "मॅडम, हे बघा आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

ऑक्टोबरमधला मसुदा होता. तळटीप २९ तेव्हा दुप्पट लांब होती. आधी माझं नाव, 'कल्याणी रणपिसे यांचा प्रबंध, २०१४. तीन कसोट्यांची मूळ मांडणी त्यांची, त्यांचे आजोबा सोनबा रणपिसे यांच्याकडून आलेली.' मग निकाल, परिच्छेद ४७. माझ्या आणि आजोबांच्या नावावर लाल रेघ. बाजूला सोवनींचा शेरा: 'नको. अप्रकाशित आहे. वजन पडत नाही.'

आजोबांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी टाइप केलेलं पाहत होते.

"तुमचा प्रबंध मी तीनदा वाचलाय," ती म्हणाली. "लायब्ररीच्या कार्डावर तुमच्यानंतर माझंच नाव आहे. मीच सरांना दाखवला. म्हटलं, यांना बोलवू या, दोघांच्या नावाने लेख करू या. सर म्हणाले, तुम्ही करा मसुदा, मी बघतो."

"आणि सत्तेचाळीस? आता कोर्टात त्या वकीलबाईंची..."

"त्यांना मी जानेवारीतच कळवलं, चौऱ्याहत्तर घ्या म्हणून. त्यांचं काही बिघडलेलं नाही."

म्हणजे हिला माहीत होतं. मी तसं म्हटलं.

"पहिल्यांदा वाचलं तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "मूळ निकाल काढून बघितला होता. सरांनी नाव काढायला सांगितलं, मी काढलं. चूक काढायला कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, तेवढी तरी तुमची राहू दे. कधी वाचलंत तर ओळखाल."

मी मसुद्यातला तो आकडा परत बघितला. तिला वाटलं मी चिडले.

"मला कॉपीएडिटर कोण ते माहीत नव्हतं. पण वाटलं होतं, एवढे एकेचाळीस प्रश्न टाकणारं माणूस २९ सोडणार नाही. सतराव्याचं उत्तर सरांनी सांगितलं तेच लिहावं लागलं. पण तुम्ही तिथे प्रश्न टाकला असता ना, तर मी उत्तरात सगळं खरं लिहिणार होते. ते थेट संपादकांकडे गेलं असतं. म्हणून परत मेल केला."

मी माझं काम केलं असतं तर जानेवारीतच सगळं संपलं असतं. लेख छापला गेला नसता, हिची पीएचडी गेली नसती. मी फक्त एक प्रश्न गिळला.

खरं लिहायचं तर त्या वेळी मला लाज वाटली नाही. लाल रेघेचा तो मसुदा बघून मनात पहिलं आलं ते हेच, की आता सोवनी सुटत नाही. लाज दुपारी वाटली, ती गेल्यावर.

जेवायला थांबली होती. आई आजोबांचं सांगत होती. सुरुची म्हणाली, "सोलापूर रस्ता म्हणजे आमच्या गावावरून गेले असतील ते."

"गेले असतील," मी म्हटलं. "थांबले नसतील."

तिने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "हो. आमच्याकडे नसते थांबू शकले." आणि भाकरी मोडायला लागली. मला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. माफी मागतील, नाही तर 'आता तसं काही राहिलं नाही' म्हणतील, असेच लोक मला माहीत आहेत.

५ मार्च, गुरुवार

दोन दिवस हिशेब करतेय. गप्प राहिले तर नोकरी राहील. मी चूक घुसवली नाही हे सुरुचीचा मसुदा सिद्ध करतो, माझं तेवढ्यावर भागतं. पण समिती तिला विचारेल, तुझ्या मसुद्यात चूक होती, म्हणजे तूच उचललंस ना? तिथे तिच्या बाजूने बोलायचं तर मला सांगावं लागेल की चूक मलाही दिसली होती.

आईला विचारलं. ती म्हणाली, "पोरगी रविवारी तांब्या घासून गेली. मी नको म्हणत होते." हे उत्तर की विषयांतर ते कळलं नाही.

११ मार्च, बुधवार

सगळं लिहून ठेवते.

अकराची वेळ होती. समितीच्या खोलीबाहेर बाकावर मी आणि सुरुची. सोवनी जिन्याने आले. केस पांढरे झालेत, बाकी तेच. सुरुचीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, "आपण पत्रकार का?"

"मी कल्याणी रणपिसे."

"अच्छा. तक्रारदार. आपण आमच्याकडेच होतात, नाही का? कोणती बॅच?"

नाटक नव्हतं. त्या माणसाला खरंच आठवत नव्हतं. 'घरचा विषय' नाही, दोन ओळींचं पत्र नाही, माझा चेहराही नाही. अकरा वर्षं मी त्याला रोज सोबत घेऊन हिंडले आणि मी त्याच्याकडे एक दिवसही नव्हते. इतकं त्याने तेव्हाही मला लुटलं नव्हतं.

अध्यक्ष आप्पासाहेब जगदाळे, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. आवाज खालचा. त्यांनी लाल रेघेचा मसुदा पडद्यावर लावायला सांगितला. सोवनींचा शेरा त्यांनी स्वतः मोठ्याने वाचला. "'वजन पडत नाही.' हे आपलंच ना, डॉक्टर?"

"संदर्भ सोडून वाचलं जातंय."

"संदर्भ सांगा."

सोवनींनी पाण्याचा घोट घेतला. "अप्रकाशित प्रबंधांचा उल्लेख टाळायची आमच्या क्षेत्रात पद्धत आहे."

"उल्लेख टाळायची," आप्पासाहेब म्हणाले. "वापर टाळायची नाही."

मग सुरुचीला विचारलं. तिने मला सांगितलं तेच सांगितलं, आवाज न चढवता. सोवनी म्हणाले, "म्हणजे चूक माहीत असून हिने ठेवली. अशा व्यक्तीच्या हातात संशोधन द्यायचं का, समितीने ठरवावं."

तेव्हा मी उठले. बोलायचं ठरवून आले नव्हते, खरं तर काहीच ठरवून आले नव्हते.

"ती चूक मलाही दिसली होती," मी म्हटलं. "सोळा जानेवारीला. दुरुस्त करणं माझं काम होतं. या बाईंनी मेल करून आठवण केली, तरी मी 'तपासलंय' असं खोटं कळवलं. ओळख लपवून फाइल घेतली तेही खोटं. यांच्या हातून आकडा राहिला म्हणून यांना शिक्षा करणार असाल, तर माझ्याच हातून तो छापला गेलाय."

"का केलंत?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"सूड म्हणून."

टायपिस्टने विचारलं, "हे घ्यायचं का, सर?" आप्पासाहेब म्हणाले, "बाईंनी म्हटलंय तसंच घ्या."

बाहेर आल्यावर सोवनी शांतपणे म्हणाले, "आपण आपली नोकरी घालवलीत. माझं काय, मे महिन्यात निवृत्तच होतोय."

मी म्हटलं, "बॅच २०१४, सर. या वेळी लक्षात राहील."

१३ मार्च, शुक्रवार

राजीनामा दिला. मागितलाच होता. पुष्करने कार्ड घेतलं, खालपर्यंत सोडायला आला. लिफ्टमध्ये म्हणाला, "ताई, त्या दिवशी सांगितलं असतंत तर फाइल दुसऱ्याला दिली असती. एवढंच होतं."

"दुसऱ्याने सत्तेचाळीस पकडलं असतं."

"हो ना," तो म्हणाला. त्याला यात काय वाईट ते कळलं नाही. त्याचं बरोबरच आहे.

३० मार्च, सोमवार

निकाल. त्रैमासिकाने लेख मागे घेतला. कारण जाहीर छापलंय, माझ्या प्रबंधाच्या नावासकट. कॉलेजने सोवनींना लेखी ताकीद दिली. ताकीद, बस. सुरुचीची नोंदणी कायम, नवीन गाईड. मला संपादकांचं पत्र: वैयक्तिक खेद आहे, स्वतंत्र लेख पाठवल्यास नेहमीच्या पद्धतीने विचार होईल.

सुरुचीचा फोन आला. "मॅडम, लिहू या का?"

जूनपासून युरोपात आश्रयाचे नवे नियम लागू होताहेत, संबंधाची अट आणखी सैल होणार. लिहायचं तर आत्ताच.

२ मे, शनिवार

नारायण पेठेतल्या एका सभागृहात सोवनींचा निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ आणि 'युरोपातील आश्रय-नीती: एक चिंतन' असं भाषण. निमंत्रण नव्हतं. गेले. पहिल्या रांगेत, अगदी समोर बसले, आणि पन्नास मिनिटं त्यांच्याकडे बघत राहिले. वही नाही, फोन नाही, नुसती बघत.

विसाव्या मिनिटाला पडद्यावर 'तीन कसोट्या' असं आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घसा साफ केला. "हा भाग वेळेअभावी सोडू या." पुढच्या पानावर गेले. पंधरा मिनिटांनी तेच पान चुकून परत आलं तेव्हा हातातला रिमोट खाली पडला.

चांगलं वाटलं. लोक म्हणतात सूड घेतल्यावर रितं वाटतं. मला नाही वाटलं. बटाटावडा खाऊन घरी आले.

२४ मे, रविवार

लेखाचा पहिला मसुदा पुरा झाला. महिनाभर सुरुची शनिवार-रविवार येतेय. मी लिहिते, ती निकाल शोधते, खोडते, वाद घालते.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली होती, "तीन प्रश्न पुरत नाहीत, मॅडम. चौथा हवा. निघून जायचं म्हटलं तर जाऊ देतील का?" जिथे पाणी आहे, झोप आहे, तक्रारही ऐकतात, पण सोडत नाहीत, ती जागा सुरक्षित कशी? निर्वासितांच्या छावण्यांचं पूर्ण प्रकरण त्या एका प्रश्नावर उभं राहिलं. लेखातलं सगळ्यात भक्कम पान तेच झालंय.

वर नाव घातलं: कल्याणी रणपिसे. आभारात सुरुची काळभोर यांचं, 'मौलिक चर्चेबद्दल'. तिला पाठवला. ती अजून लहान आहे, तिचं आयुष्य पडलंय. मी अकरा वर्षं थांबलेय.

२५ मे, सोमवार

सुरुचीचा फोन.

"मॅडम, वाचला. छान झालाय. चौथा प्रश्न माझा आहे."

"आभारात आहे की तुझं नाव."

"सोवनी सरांनीही मला आभारातच घेतलं होतं."

"माझी त्यांच्याशी तुलना करतेस? मी तुझ्यासाठी नोकरी सोडली."

"हो, मॅडम," ती म्हणाली. "पण तो प्रश्न माझा आहे." फोन ठेवला नाही तिने. शेवटी मीच ठेवला.

कृतघ्न. आईला सांगितलं तर ती शेंगा सोलत राहिली. विचारलं, "तुला काहीच म्हणायचं नाही?"

"तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं जुनंच सांगतेयस," आई म्हणाली. "मग कळलं, या वेळी ती बोलतेय आणि तू सर आहेस."



२७ मे, बुधवार

काल पूर्ण दिवस कारणं लिहून काढली. मूळ विचार माझा, भाषा माझी, नोकरी माझी गेली, वय माझं गेलं. पान भरलं. एकही खोटं नव्हतं, आणि चौथा प्रश्न त्यातल्या एकाही कारणाने माझा होत नव्हता.

आज सकाळी तिला फोन केला. "दोन नावं घालतेय. लेखिका म्हणून, आभारात नाही."

"बरं."

"क्रमाचं काय?"

"तुम्ही ठरवा."

"तिकडे आडनावांच्या अक्षरक्रमाने लावतात."

ती म्हणाली, "मॅडम, क आधी येतो."

"मला येतात मुळाक्षरं," म्हटलं.

फाइल उघडली. राग आला, अजूनही आहे. टाइप केलं: सुरुची काळभोर, कल्याणी रणपिसे. एकदा वाचून बघितलं, स्वल्पविराम तपासला आणि पाठवून दिलं.